जुन्या छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी, सेल्फ आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं १२ व्होल्टच्या, निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या छोट्या डिझेल ट्रॅक्टरांसाठी आहेत. स्टार्टर मोटरला इथे सगळीकडे सेल्फ म्हटलं आहे. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, अल्टरनेटरही बदलला आणि बिघाड तसाच राहिला, अशी तक्रार सतत येते. अशा वेळी दोष बहुतेकदा एखाद्या जोडात किंवा अर्थिंगमध्ये असतो, आणि तो मोजल्याशिवाय सापडत नाही.

१. बिघाड शोधायला काय काय लागतं? मल्टिमीटर असला की पुरे ना?

मल्टिमीटर हवाच, पण जोडीला एक टेस्ट लॅम्पही बनवून घ्या: २१ वॉटचा साधा बल्ब, होल्डर आणि क्लिप लावलेल्या दोन वायरी. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून कमजोर जोडावर तो लगेच मंद पेटतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेल्या ट्रॅक्टरवर मात्र हा बल्ब सेन्सरच्या वायरींना लावू नका. तिथे मल्टिमीटरच वापरा.

याशिवाय पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि थिंबल दाबायचं क्रिम्पिंगचं हत्यार लागेल. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी करंट मोजणारा घ्या. नुसता एसी मोजणारा इथे निरुपयोगी आहे.

बॅटरीची वायर काढताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना ती शेवटी जोडा. क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा.

२. बॅटरी खराब झाली आहे की नुसती उतरली आहे, हे कसं ओळखायचं?

चार्जिंग थांबवून काही तास झाल्यावर, सगळे स्विच बंद ठेवून व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच राहत असेल, तर एक सेल मेलेला असण्याची शक्यता दाट आहे.

मग खरी परीक्षा घ्या. मल्टिमीटर थेट बॅटरीच्या खांबांवर धरा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. उबदार हवेत व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. भरलेली बॅटरीही ८ किंवा ७ पर्यंत कोसळत असेल तर ती बदला. त्याआधी सेल्फ जाम होऊन जादा करंट ओढत नाही ना, हे बघा (प्रश्न ४).

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सगळ्यात खरं सांगतो. भरलेल्या सेलमध्ये १.२६५ ते १.२८० आकडा येतो. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त खाली असेल तर ती बॅटरी सुधारणार नाही. पाणी डिस्टिल्डच घाला, प्लेटा बुडतील इतकं, आणि लेव्हल चार्जिंगनंतर पुरी करा. ॲसिड कधीही घालू नका.

नवी बॅटरी घेताना पॉझिटिव्ह खांब कोणत्या बाजूला आहे ते जुन्याशी ताडून बघा. त्याच मापाच्या बॅटऱ्या दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि वायर पुरत नाही म्हणून उलटी जोडली जाते (प्रश्न १४). बॅटरी पट्टीने घट्ट आवळा. छोट्या ट्रॅक्टरच्या थरथरीत सैल बॅटरीच्या प्लेटा आतून सुटतात.

३. बॅटरी १२.६ दाखवते, पण किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवेसुद्धा विझतात. असं का?

जोड खराब आहे. बहुतेक वेळा क्लॅम्प आणि खांब यांच्या मध्ये, किंवा अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने आवळली आहे तिथे. थोडा करंट तिथून जातो, म्हणून दिवे लागतात. सेल्फ शंभरावर अँपिअर मागतो तेव्हा सगळं व्होल्टेज त्या जोडावरच खर्ची पडतं. नुसता ०.०१ ओहमचा अडथळा १५० अँपिअरला दीड व्होल्ट खातो. इतका छोटा अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसत नाही, म्हणून जाड केबल ओहमवर तपासण्यात वेळ घालवू नका.

त्याऐवजी सेल्फ मारताना व्होल्टेजची घट मोजा. इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून:

पॉझिटिव्ह बाजू: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल.

निगेटिव्ह बाजू: एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या अंगावर, रंग नसलेल्या जागी. ०.३ पेक्षा जास्त नको.

आकडा जास्त आला तर एक-एक जोड ओलांडत मोजत जा. जिथे एकदम उडी दिसेल तिथेच दोष. तो जोड उघडून दोन्ही पृष्ठभाग चकाकेपर्यंत घासा, आवळा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगच्या थिंबलखालचा रंग खरवडायलाच हवा. रंगवून चकचकीत केलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत तो हमखास राहून जातो.

४. किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज येतो. सेल्फ गेला का?

आवाज कसा आहे ते ऐका. भराभर ‘टक-टक-टक’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा, विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. बॅटरी आणि जोड तपासा (प्रश्न २ आणि ३).

एकच जोरदार ‘टक’ आणि पुढे काहीच नाही, असं असेल तर त्याच क्षणी सेल्फच्या दोन जाड बोल्टांवरचं व्होल्टेज बॉडीच्या संदर्भात मोजा. बॅटरीकडच्या बोल्टवर १० पेक्षा जास्त आणि मोटरकडच्या बोल्टवर शून्याजवळ असेल, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले आहेत. अनेक सेल्फमध्ये ते कॉन्टॅक्ट आणि प्लंजर वेगळे बदलता येतात. दोन्ही बोल्टांवर व्होल्टेज आहे आणि मोटर फिरत नाही, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजले आहेत किंवा मोटर जाम आहे. मोटर ठोकल्यावर एखाद्या वेळी फिरली तर कार्बनच समजा. पण ठोकत राहू नका, कायम चुंबकाच्या मोटरमधली चुंबकं तडकतात.

इंजिनच जाम असेल तर? क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवून बघा. उघड्यावर पडून असलेल्या ट्रॅक्टरमध्ये सायलेन्सरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. तेव्हा सेल्फने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

५. किल्ली फिरवली तरी ‘टक’सुद्धा होत नाही. कुठून सुरुवात करू?

सेल्फवरच्या बारीक वायरीपासून. डीआयएन ७२५५२ या, गाडीच्या टर्मिनलांना क्रमांक देण्याच्या जर्मन पद्धतीत तिला ५० क्रमांक असतो. कित्येक सेल्फवर ‘एस’ लिहिलेलं असतं. किल्ली सेल्फच्या जागी धरून तिथे मोजा.

१० व्होल्टच्या वर येत असतील आणि तरी हालचाल नसेल, तर दोष सोलेनॉइडमध्ये.

शून्य येत असेल तर बॅटरीच्या बाजूने सुरुवात करून सेल्फकडे या: मेन फ्यूज, किल्लीच्या स्विचचं ३० टर्मिनल, मग ५० टर्मिनल, मग क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, मग पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा) स्विच. जिथे व्होल्टेज आत जातं आणि बाहेर येत नाही, तिथे थांबा. क्लच, न्यूट्रल किंवा पीटीओचा हा सेफ्टी स्विच बहुतेकदा जळलेला नसतो. त्याची पट्टी वाकलेली असते, किंवा क्लचचं पेडल झिजून तो पुरता दाबला जात नाही. काही स्विच दाबल्यावर जोडतात, काही दाबल्यावर तोडतात. म्हणून प्लग काढून दोन्ही अवस्थांत तपासा.

६ ते ९ व्होल्ट येत असतील तर हा जुन्या ट्रॅक्टरांचा नेहमीचा आजार आहे: लांब वायर, चार जोड, झिजलेला किल्लीचा स्विच. जोड साफ करूनही आकडा चढला नाही तर रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. जुनी ५० ची वायर रिलेच्या ८६ ला, ८५ बॉडीला, सेल्फच्या जाड बोल्टवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमार्गे वायर ३० ला, आणि ८७ वरून सोलेनॉइडला. वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्या. सेफ्टी स्विच जुन्याच वाटेवर राहतात, त्यामुळे त्यांचं काम चालू राहतं.

६. मोठा स्क्रू ड्रायव्हर सेल्फच्या बोल्टांवर टेकवून चालू केला तर चालतं का? सगळेच करतात.

नाही. असं करताना माणूस चाकासमोर जमिनीवर उभा असतो आणि सगळे सेफ्टी स्विच वळसा घालून टाळले जातात. गिअर लागलेला राहिला असेल तर इंजिन पेटताच ट्रॅक्टर अंगावर येतो. डिझेल इंजिन पहिल्याच फेऱ्यात पेटतं, बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. याने माणसं मेली आहेत.

तपासणीसाठी वळसा द्यायचाच असेल तर चाकांना पुढून-मागून ओट लावा, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, स्टॉपची दांडी ओढलेली, आणि वायर ५० च्या टर्मिनलला चाकांच्या वाटेत उभं न राहता लावा. काम झालं की वायर काढून टाका.

७. घेतलेल्या ट्रॅक्टरचे सेफ्टी स्विच आधीच्या मालकाने काढलेत का, हे कसं तपासू?

सीटवर बसून, ब्रेक दाबून, मोकळ्या जागेत. क्लच न दाबता किल्ली फिरवा, मग पीटीओ लावून फिरवा. एकदाही सेल्फ फिरला तर कुठेतरी वळसा आहे. सीटखाली आणि पेडलजवळ प्लगमध्ये खोचलेला वायरीचा छोटा तुकडा शोधा. तो काढून स्विच परत जोडा. ट्रॅक्टर चालू होणं थांबलं, तर मूळ बिघाड तुम्हाला सापडला.

८. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. हे इलेक्ट्रिकचं काम आहे का?

असू शकतं. डिझेल बंद करणारा सोलेनॉइड आधी बघा. किल्ली चालू केल्यावर पंपाजवळ ‘टक’ ऐकू यायला हवा, आणि प्लंजर पूर्ण आत जायला हवा.

तीन वायरींच्या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल क्षणभर ३० ते ५० अँपिअर घेते, आणि धरून ठेवणारी एक अँपिअरच्या आसपास. दांडी गंजून प्लंजर तळाला टेकत नसेल, किंवा टायमर बिघडला असेल, तर ओढणारी कॉइल सुटत नाही आणि मिनिटभरात जळते. म्हणून नवा सोलेनॉइड बसवण्याआधी दांडी हाताने सहज सरकते का ते पाहा, नाहीतर नवाही जळेल.

सेल्फ फिरत असताना डिझेल पोचतंय, धूरही पांढरा येतोय, पण पेट घेत नाही, तर पुढचा प्रश्न वाचा.

९. थंडीत सुरू व्हायला फार त्रास देतो. ग्लो प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आतून तापवणारे प्लग) कसे तपासायचे?

सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लग वेगळा मोजा, नाहीतर एक चांगला प्लग बाकीच्यांचा दोष झाकतो. टोकापासून बॉडीपर्यंत साधारण अर्धा ते दोन ओहम यायला हवेत. मल्टिमीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. अनंत दाखवलं तर प्लग गेला.

डीसी क्लॅम्प मीटर असेल तर काहीच उघडावं लागत नाही. तीन प्लगच्या इंजिनात किल्ली ग्लोवर धरून मोजा. प्रत्येकी १० अँपिअरचे प्लग असतील तर एकूण ३० च्या आसपास हवेत. २० आले तर एक मेला. शून्य आले तर रिले, फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. प्लगच्या टोकाशी १० व्होल्टसुद्धा पोचत नसतील तर तेवढ्यानेच ते पुरेसे तापत नाहीत.

प्लग इंजिन कोमट असताना काढा आणि अडला तर जोर लावू नका. टोक तुटून आत पडलं तर हेड उतरवावं लागतं. ग्लो प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

१०. बॅटरी चार्ज होत नाही. अल्टरनेटर बदलू का?

थांबा. इंजिन मधल्या वेगावर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक आहे, आणि बॅटरी उतरण्याचं कारण दुसरं आहे (प्रश्न १२). १२.५ च्या खालीच राहिलं तर आधी फॅनबेल्ट, मग प्लग आणि फ्यूज, आणि मग तुमच्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर आहे की डायनॅमो ते बघा.

अल्टरनेटर असेल तर त्याच्या जाड ‘बी’ बोल्टवर इंजिन बंद असतानाही बॅटरीइतकंच व्होल्टेज हवं. नसेल तर मधली वायर किंवा फ्यूजची तार जळली आहे. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा: किल्ली चालू केल्यावर तो लागतच नसेल तर बल्ब उडाला असेल. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो, आणि तो न मिळाल्यास ते जागेच होत नाहीत. इथे एलईडी बसवला असेल तरी तेच होतं. २ ते ३ वॉटचा साधा बल्ब लावा, किंवा एलईडीला समांतर ५० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा.

कित्येक छोट्या ट्रॅक्टरांवर मात्र चुंबकाचा छोटा डायनॅमो आणि चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा वेगळा रेग्युलेटर असतो. डायनॅमोतून एकाच रंगाच्या दोन वायरी निघतात. त्यांचा प्लग सोडवा आणि इंजिन जोरात ठेवून दोहोंमध्ये एसी व्होल्ट मोजा. २० किंवा जास्त आले तर डायनॅमो चांगला. रेग्युलेटर, त्याचं अर्थिंग किंवा त्याला किल्लीतून येणारा पुरवठा तपासा. इंजिन बंद करून दोन्हींपैकी एखादी वायर बॉडीशी जुळलेली दिसली तर डायनॅमोचं वाइंडिंग गेलं.

११. चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जातं, बल्ब सारखे उडतात. बॅटरी मोठी लावली तर थांबेल का?

थांबणार नाही. रेग्युलेटर बिघडला आहे, किंवा त्याचं अर्थिंग किंवा व्होल्टेज जोखणारी वायर सैल असल्याने त्याला बॅटरी रिकामी असल्याचा भास होतो. आधी जोड साफ करा, मग रेग्युलेटर बदला. तोवर ट्रॅक्टर वापरू नका. बॅटरी उकळते आणि हायड्रोजन बाहेर पडतो.

इंजिन चालू असताना ‘तपासणी’ म्हणून बॅटरीची वायर काढण्याची पद्धतही सोडा. त्या क्षणी उठणारं व्होल्टेज अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर मारतं.

१२. दोन दिवस उभा ठेवला की बॅटरी रिकामी. करंट कुठे जातो?

किल्ली काढा, निगेटिव्ह वायर सोडवा आणि खांब व वायर यांच्या मध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. बल्ब पेटला तर गळती मोठी आहे, मल्टिमीटर लावलात तर त्याचा फ्यूज उडू शकतो. नाही पेटला तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर लावा. मल्टिमीटर मध्ये असताना सेल्फ कधीही मारू नका.

इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या ट्रॅक्टरवर आकडा जवळपास शून्य हवा. घड्याळ किंवा कंट्रोलर असेल तर ५० मिलिअँपिअरपर्यंत समजून घेता येईल. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडतो त्या लाइनवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची ‘बी’ वायर सोडवा. तेव्हा पडला तर आतला डायोड गळतो आहे.

डायोडची आणखी एक खूण: इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर डायोडवर संशय घ्या. काही स्वस्त मल्टिमीटर डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात. टोकं अदलाबदल करून आकडा बदलला, तर त्या मल्टिमीटरवर ही तपासणी करू नका.

१३. फ्यूज सारखा जातो. १५ च्या जागी ३० चा टाकू का?

नको. मग फ्यूजच्या जागी वायर जळेल, आणि तीही टाकीजवळच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात).

फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा टेस्ट लॅम्प लावा आणि त्या लाइनवरचे दिवे वगैरे सगळे सोडवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण वायर जळत नाही. आता हार्नेस थोडा-थोडा हलवत जा: स्टीअरिंगच्या खांबाजवळ, बॉनेटच्या बिजागरीशी, मडगार्डच्या भोकातून वायर जाते तिथे, आणि उंदरांना घर करायला आवडेल अशा प्रत्येक कोपऱ्यात. बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

फ्यूजची तार शाबूत पण प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर प्रकार वेगळा. करंट जास्त नव्हता. पकड सैल होऊन तिथेच उष्णता झाली. फ्यूजबॉक्सची क्लिप बदला.

जादा दिवे लावणार असाल तर आधी हिशोब करा. ५५ वॉटचे दोन दिवे नऊ अँपिअरच्या वर ओढतात, आणि छोट्या डायनॅमोची सगळी ताकदच कित्येकदा १५ अँपिअरच्या आसपास असते.

१४. बॅटरी चुकून उलटी जोडली गेली. आता काहीच चालत नाही. काय काय जळलं असेल?

आधी मेन फ्यूज किंवा फ्यूजची तार. नशीब चांगलं असेल तर तेवढंच. ती बदलण्याआधी अल्टरनेटरची ‘बी’ वायर सोडवा, कारण उलट्या जोडणीत डायोड शॉर्ट होतात आणि नवा फ्यूजही क्षणात जातो. ‘बी’ बोल्ट आणि अंग यांच्यात मल्टिमीटरच्या डायोडच्या पट्टीवर मोजा. दोन्ही दिशांना शून्य म्हणजे डायोड गेले. मग रेग्युलेटर, ग्लोचा टायमर आणि कंट्रोलर असेल तर तो. साधे बल्ब आणि ग्लो प्लग यांना उलटसुलट फरक पडत नाही.

१५. इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकतात, आणि दिवे लावले की तापमानाचा काटा चढतो. मीटर बदलू का?

मीटर ठीक आहे. त्या दिव्याचं किंवा डॅशबोर्डचं अर्थिंग तुटलं आहे, म्हणून करंट दुसऱ्याच वाटेने परत जातो. डॅशबोर्डच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती जाड वायर जोडा. सगळं सुरळीत झालं तर कायमची जोडा. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर इंजिनाची अर्थिंग पट्टीच गायब आहे, हे काम आधी करा.

१६. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करताना आणि वेल्डिंग करताना काय सांभाळायचं?

दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. २४ व्होल्ट लावू नका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटी ठिणगी पडतेच, ती बॅटरीच्या वायूजवळ नको.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचे प्लग काढा, कंट्रोलर असेल तर त्याचाही. वेल्डिंगचं अर्थ वेल्डच्या शक्य तितक्या जवळ लावा. मध्ये बेअरिंग येऊ देऊ नका.

१७. अल्टरनेटर बदलल्यापासून किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. दांडी ओढून बंद करावं लागतं. संबंध काय?

संबंध आहे. किल्ली बंद केल्यावरही फिरणारा अल्टरनेटर चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीतून उलटा करंट देतो, आणि डिझेलच्या सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल इतकं कमी मागते की तेवढ्यावर तग धरते. खात्री करायला दिव्याची वायर अल्टरनेटरवरून सोडवून बघा. इंजिन किल्लीने बंद झालं तर हेच कारण. त्या वायरीत १ अँपिअरचा डायोड घाला, त्याच्यावरची पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला.

अल्टरनेटरला हात न लावताही हा त्रास सुरू झाला असेल, तर तुमचा सोलेनॉइड उलट प्रकारचा आहे का बघा. काही ट्रॅक्टरांत करंट मिळाल्यावर इंजिन बंद होतं. तिथे फ्यूज गेला किंवा वायर सुटली की किल्लीने बंद होत नाही, आणि डायोडचा काही उपयोग नसतो. दोष प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे टर्मिनल ते टर्मिनल मोजत शोधावा लागतो.